छातीतली पांढरी बाई

“या नळीला नर्सशिवाय कोणाचा हात लागू द्यायचा नाही, ममताताई. देवाचं नाव घेऊन कोणी आलं, तरी नाही.”

नागपूरच्या दवाखान्यातून निघताना डॉक्टर प्रतिक्षा मॅडम हे म्हणाल्या होत्या. माझ्या गळ्यातल्या तुळशीमाळेकडे बघून शेवटचं वाक्य त्यांनी जरा अडखळतच म्हटलं. मला राग आला नाही. पदराला गाठ मारून मी ते घरी आणलं.

आणि आज देवाचंच नाव घेऊन सारा मोहल्ला आमच्या आंगणात घुसला होता.

“बोला, श्वासबाबा की...”

“जय!”

एकोडीच्या पलीकडे, तलावाच्या पाळीला लागून आमचा मोहल्ला आहे. जाळं टाकायचं, मासे धरायचे, साकोलीच्या बाजारात नेऊन विकायचे, हे आमचं पिढीजात काम. त्या दुपारी मात्र एकही डोंगा पाण्यात नव्हता. माणसं आंगणात मावली नाहीत म्हणून कुडाच्या भिंतीवर, उभ्या बैलबंडीवर, शेजाऱ्यांच्या धानाच्या पुंजण्यावर, रचलेल्या पेंढ्यांच्या ढिगावर, चढून बसली होती. ज्याच्याजवळ मोबाईल होता, त्याचा हात वर होता.

मधोमध पाटावर माझे मालक, लिलाधर. उघडे, बरगड्या वर आलेल्या. उजव्या कुशीतून निघालेली बारीक रबरी नळी पोटावर गुंडाळून चिकटपट्टीने बसवलेली. एक दंड त्यांच्या मोठ्या भावाने, हेमराज भाऊजींनी, धरलेला. दुसरा बाबाच्या चेल्याने.

श्वासबाबा पाटाभोवती फिरत होता. अंगात भगवी कफनी, पायात पांढरे पळायचे बूट, गळ्यात रुद्राक्षाच्या माळा आणि त्या माळांत अडकवलेला छोटा माईक. देवाला ऐकू जावं म्हणून नव्हे, मोबाईलवाल्यांना नीट ऐकू जावं म्हणून.

“कैंसर-फैंसर कुछ नहीं होता, माय हो!” तो गरजला. “डॉक्टरनं नाव काय सांगतलं? मेसो... मेसोथे... अरे, त्या डॉक्टरलेच बोलता येत नसंल!”

लोक हसले.

“मले विचारा. मी नाव सांगतो. पांढरी बाई! कारखान्यातून याच्या पाठीवर बसून आली. याच्या छातीत चूल मांडली तिनं. हा श्वास घेते, ते पिते. हा जेवते, ते खाते. आज तिले झिंज्या धरून भायेर काढतो का नाही पाहा! बोला!”

“जय!”

त्या पांढऱ्या बाईला मी चांगली ओळखत होते. मालकांची सारी जवानी दूरच्या एका सिमेंटच्या पत्र्यांच्या कारखान्यात गेली. आऱ्यावर पत्रे कापायचं त्यांचं काम. पत्र्यात ॲस्बेस्टॉस. संध्याकाळी खोलीवर यायचे तेव्हा भुवयासुद्धा पांढऱ्या असायच्या. तोंडाला बांधायला तिथे कोणी फडकंही दिलं नाही. त्या धुळीत केसाहून बारीक तंतू असतात. ते श्वासासोबत आत जातात, फुफ्फुसाभोवतीच्या पातळ पडद्यात रुततात आणि वर्षानुवर्षं गप्प राहतात. माणूस गावी परत येतो, कारखाना विसरतो, आणि मग कधीतरी तो पडदा जाड होऊ लागतो. त्याला मेसोथेलिओमा म्हणतात, त्या पडद्याचा कॅन्सर. पडद्याच्या आत पाणी साठतं, फुफ्फुस दबतं, चार पावलं चाललं की धाप. डॉक्टर मॅडमनी हे मला खुर्ची जवळ ओढून समजावलं होतं. पडद्याचा तुकडा तपासला, पाणी काढलं, पुन्हा साठेल म्हणून नळी बसवून दिली. आता औषधाची पहिली सलाईन येत्या सोमवारी होती.

मधेच बाबा आला कुठून? त्याला भाऊजींनी आणलं, आणि वाईट बुद्धीने नाही. दवाखान्यात पाणी काढून आम्ही परतलो, त्या रात्री मालक पहिल्यांदा पाठ टेकून झोपले. दुसऱ्या सकाळी बाबाने येऊन त्यांच्या तोंडावर फुंका मारल्या. दुपारपर्यंत मोहल्लाभर झालं की बाबाच्या फुंकेने लिलाधर झोपला! पाणी सुईने निघालं, नाव फुंकेचं झालं. भाऊजींचा जीव भावात अडकलेला. ते बाबाच्या पायावर पडले.

मग हुकूम सुटला. मोठी पूजा होईपर्यंत मोहल्ल्यात मासा धरायचा नाही, आणायचा नाही, कापायचा नाही. माशाच्या वासाने पांढरी बाई माजते. माणसं उपाशी निजली, पण जाळी काढली नाहीत.

मला त्याचा जाच नव्हता. कार्तिक चालू होता. पहाटे तलावावर अंघोळ, तुळशीपुढे दिवा, महिनाभर मासा-मटन वर्ज्य, हे माझं लग्नाआधीपासूनचं व्रत. पण देवाच्या नावाने दुखणाईत माणसाला धरून मारायचं, हे माझ्या कोणत्याच व्रतात नव्हतं.

बाबाने पळसाची ओली फोक उचलली.

“बोल! कौन है तू?”

मालक काय बोलणार? श्वास पुरत नव्हता.

सट्! पाठीवर लाल वळ उठला.

“बोलत नाही! माजली हाये!” सट्! सट्!

“मी... लिलाधर,” ते कसेबसे म्हणाले.

“झूठ! हे तेच बोलून राहिली! आवाज पाहा बाईचा!”

ते ओरडले तर पांढरी बाई ओरडली. गप्प राहिले तर पांढरी बाई हट्टी. हात जोडले तर पांढरी बाई नाटक करते. त्या दरबारात शिक्षा आधीच ठरली होती, साक्ष नुसती नावाला. चेल्याने कापराची पेटती वडी चिमट्यात धरून मालकांच्या छातीवर टेकवली. कातडी करपल्याचा वास आला. पुंजण्यावरून एकजण म्हणाला, “आता बराबर कबूल करते का नाही पाय!”

माझ्या सासूबाई, रेवताबाई, हात जोडून रडत होत्या.

मी त्यांच्या कानाशी गेले. “मामी, थांबवा जी. नळी निघंल ना. मरतील ते.”

“उगी राय, माय,” त्या म्हणाल्या. “त्याले नाही लागत. तिले लागून राहिलं.”

तेवढ्यात गर्दी कापत उपकेंद्राची रीना सिस्टर आली. तिला कोणी बोलावलं नव्हतं. व्हिडिओ बघून ती धावत आली होती.

“सोडा त्याले! छातीत नळी हाये! कायले मारता?”

चेल्याने तिची पिशवी हिसकून उकिरड्यावर फेकली. “तुमी लोकं देव मानत नाही. तुले काय समजते यातलं?”

“देवाचं तुमी पाहा,” रीना म्हणाली. “मले फुफ्फुस समजते.”

कोणीतरी मातीचं ढेकूळ मारलं. ते तिच्या कपाळावर फुटलं. भुवईतून रक्त आलं, तरी ती जागची हलली नाही. दोघा-तिघांनी तिला ढकलत ढकलत भिंतीशी नेऊन दाबलं. ज्या हातांनी तिच्याकडून लेकरांचे डोस घेतले, तेच हात.

मालकांना आता उताणं पाडलं होतं. बाबाने बुटासकट पाय आंगणात रोवून एक गुडघा त्यांच्या छातीवर टाकला आणि नळी मुठीला गुंडाळली.

“हे रबर अंगात हाये तोवर पांढरी बाई भायेर येत नाही!”

मी ओरडले. माझा आवाज मुळात लहान. “जय”च्या गजरात तो मलाच ऐकू आला नाही.

बाबाने हिसका दिला. टाके तुटले. मालकांच्या तोंडून जो आवाज आला, तसा मी कापायला नेलेल्या बकऱ्याचाही ऐकला नाही. कुशीतून रक्त आणि गंजासारखं लाल पाणी भळभळून शेणाने सारवलेल्या जमिनीवर पसरलं.

“निघाली! निघाली!” लोक नाचू लागले.

बाबाने झेप घेऊन त्या जखमेला तोंड लावलं. गाल आत ओढले, डोळे फिरवले, घशातून घुर्र आवाज काढला. मी मालकांच्या डोक्याशी बसले होते. बाबाचं तोंड माझ्यापासून हातभर. आणि त्या तोंडात मला एक आवाज ऐकू आला.

फट्.

लहानसा. आमच्या मोहल्ल्यात रांगत्या लेकरालाही ओळखीचा. रोहू कापला की पोटातून वाऱ्याने भरलेला पांढरा फुगा निघतो. मोठी माणसं तो फेकतात, पोरं टाचेखाली घेऊन फोडतात. फट्!

बाबाने डोकं वर केलं आणि पितळेच्या ताटलीत थुंकला. काळंलाल गुळणीभर रक्त, त्यात लांब पांढरे धागे.

“पाहा! तिचे केस!”

सारं आंगण जमिनीवर आडवं झालं. बायांनी पदर पसरले. भाऊजी हमसून रडत होते. आणि माझ्या नाकात वास शिरला. महिनाभर मासा वर्ज्य केलेल्या बाईला तो दुरूनही जाणवतो. ज्या मोहल्ल्यात एक खवलं सापडलं नसतं, तिथे कच्च्या रोहूचा वास एकाच ठिकाणाहून येत होता. बाबाच्या तोंडातून.

जिवंत मासा हातातून सुटू नये म्हणून त्याच्या गलफडात बोट घालतात. मी तसंच केलं. बाबाचा जबडा डाव्या हाताने धरला आणि उजव्या हाताची दोन बोटं गालात घातली.

तो चावला. दात हाडाला लागले. डोळ्यांपुढे अंधारी आली, पण बोटं मी काढली नाहीत. माझ्या पाठीत चेल्याची काठी बसली, मग दुसरी.

“काढा तिले! पागल झाली!” भिंतीवरून कोणी ओरडलं.

पण मला काढायचं कोणी? आमच्यात धाकट्या भावाच्या बायकोला जेठाने बोट लावायचं नाही. तिच्या हातात भांडंसुद्धा द्यायचं नाही, खाली ठेवायचं, मग तिने उचलायचं. तिथे उभे असलेले मोहल्ल्यातले सारे पुरुष नात्याने माझे जेठ, नाहीतर सासरे. भाऊजींनी हात पुढे केला आणि तो हवेतच थांबला.

“मा, तिले धर ना वो!” ते आईला ओरडले.

सासूबाई उठेपर्यंत माझ्या बोटांना ते लागलं. ओलं, बुळबुळीत. मी ओढलं. माझ्या रक्तासोबत एक फाटका चकचकीत पडदा बाहेर आला. त्याच्या तोंडाशी दोऱ्याची गाठ होती.

“मामी,” मी म्हटलं. तो पडदा त्यांच्यापुढे धरला. “हे काय व्हय, तुमीच सांगा.”

सासूबाईंनी जन्मभर मासे कापले. त्यांनी तो पडदा तळहातावर पसरला, अंगठ्याने ताणला, नाकाशी नेला. मग ताटलीतले धागे चिमटीत धरून उजेडात पाहिले. आंगणात आता फक्त मालकांचा श्वास वाजत होता, फुटक्या भात्यासारखा.

“रोहूचा फुगा व्हय,” त्या म्हणाल्या. “अन् हे केसं नाही. जाळ्याचा दोरा उसवला हाये.”



सासूबाईंनी बाबाकडे पाहिलं. “माह्या लेकाच्या रक्तात मासा थुकला बे तू?”

आणि त्या त्याच्या तोंडावर थुंकल्या.

नंतर जे झालं ते सांगायला मला आनंद वाटत नाही. जे लोक घटकेपूर्वी पाया पडत होते, तेच लोक वल्ही, विटा, चपला घेऊन बाबावर तुटून पडले. तोच जोर, तीच आरोळी, फक्त नाव बदललं. बाबाचे पुढचे दात पाटावर पडले. चेल्याचा कान अर्धा लोंबत होता. “मारा! गाडा तिथंच!” आणि इकडे, ज्याच्यासाठी हे सगळं, तो माणूस निळा पडत चालला होता. त्याच्याकडे पाहणारी एकटी रीना. भिंतीशी धरणारे हात सुटताच ती आली होती. कुशीतल्या भोकावाटे आत हवा शिरत होती. तिने त्यावर तळहात दाबून धरला होता आणि तिच्या कपाळाचं रक्त त्याच हातावर ठिबकत होतं.

“वहिनी, गाडी!” ती म्हणाली. “वेळ नाही!”

गाडी होती. हेमराज भाऊजींचा टेम्पो, मासे वाहायचा. पण भाऊजींच्या हातात कुऱ्हाड होती. बाबाच्या छातीवर पाय ठेवून त्यांनी ती उगारली होती.

मी मधे जाऊन त्यांच्या मनगटावर हात ठेवला.

निखारा पडावा तसे ते दचकले. मी लग्न होऊन आले तेव्हापासून माझी सावलीही त्यांच्यावर पडली नव्हती. कुऱ्हाड हातून गळाली.

“भाऊजी,” मी म्हटलं, “याले पोलिसात द्या. तुमचा भाऊ तिकडं मरून राहिला. हात रिकामे झाले, आता टेम्पो काढा.”

ते टेम्पोकडे धावले. 

साकोलीच्या डॉक्टरांनी भोक बंद केलं, ऑक्सिजन लावून पुढे पाठवलं. नागपूरला नवी नळी घालावी लागली. जखमेत पू झाला, ताप चढला. सोमवारची सलाईन राहिली ती राहिलीच. श्वासबाबाने मालकांच्या आयुष्यातून नेलं ते हे. मोजकाच वेळ हाताशी असलेल्या माणसाचा वेळ.

ताप उतरला त्या दिवशी भाऊजी डॉक्टर मॅडमपुढे हात जोडून उभे राहिले.

“मॅडम, आता तरी बरा होईल ना जी? पुरा?”

मॅडमनी त्यांना बसवलं. “पुरा बरा करते, असं मी म्हणणार नाही. हा आजार मुळातून जात नाही, बहुतेकांचा नाही. काही थोड्या जणांना लवकर कळलं तर ऑपरेशन होतं. यांच्या बाबतीत ती वेळ गेली. पण हातात काहीच नाही असंही नाही. जखम भरली की औषधाची सलाईन सुरू करू. अंगातली ताकद वाढवून गाठीशी लढायला लावणारी नवी औषधंही आहेत, यांना कुठलं चालेल ते तपासून ठरवू. पाणी साठतं ती जागा औषधाने चिकटवता येते, म्हणजे पुन्हापुन्हा साठत नाही. दुखलं तर त्याचंही औषध आहे, लागलं तर मशीनवर किरणांचा शेक देता येतो. ते घ्यायला लाजायचं नाही आणि भ्यायचंही नाही. यातून श्वास सुधारेल, झोप येईल, दिवस वाढतील. किती, ते मला माहीत नाही.”

“बाबा तर ग्यारंटी देऊन राहिला होता,” भाऊजी खाली मान घालून म्हणाले.

“म्हणून तर तो बाबा आहे,” मॅडम म्हणाल्या.

पोलिसांना चेल्याच्या स्टीलच्या डब्यात बर्फात ठेवलेले आणखी फुगे मिळाले. बकऱ्याचं रक्त, काळा चहा आणि उसवलेला दोरा भरून, दोऱ्याने तोंड बांधलेले. गालात ठेवायचा, वेळ आली की दाढेखाली फोडायचा. झाला चमत्कार. मासेबंदी का होती, तेही मग उघड झालं. रोज मासा कापणाऱ्या घरांत माशाचा फुगा लपवायचा तर आधी त्यांच्या नजरेपुढून आणि नाकापुढून मासा हलवायला हवा. ज्यांना त्याने “श्वास दिला” म्हणून गाजवलं, ते सारे नुकतंच दवाखान्यातून पाणी काढून आलेले निघाले. पुन्हा पाणी भरून ते गुदमरू लागायचे, तेव्हा बाबा दुसऱ्या गावी गेलेला असायचा आणि घरच्यांना सांगून जायचा की तुमच्या मनात खोट होती.

हे मी लिहिते आहे म्हणून कोणी समजू नये की मी देव सोडला. आजही मी पहाटे अंघोळ करते, दवाखान्याच्या नळावर का होईना. पाण्याचा तांब्या उगवतीला धरते. पण बायांनो, भाऊ हो, माझी हात जोडून विनंती आहे. आपलं माणूस दुखण्यात असलं की आपण घाबरतो, आणि घाबरलेल्याला ग्यारंटी गोड लागते. जो ग्यारंटी देतो त्याच्याकडे जरा थांबून पाहा. जो आधी दवाखाना सोडायला लावतो, जो दुखणाईताला मारतो, जो प्रश्न विचारणाऱ्याला पापी ठरवतो, त्याच्यामागे किती लोक “जय” म्हणतात ते पाहू नका. त्याचं तोंड उघडून पाहा. आणि जो सांगतो, “माझ्याने एवढं होईल, एवढं नाही,” त्याचं कडू बोलणं ऐका. ते बोलणं आपल्या माणसाला वाचवण्याच्या बाजूचं असतं.

पहिली सलाईन अखेर लागली. मालक दुपारी डोळे उघडून म्हणाले, “ममता, मोहाडीचा मुरारी. माह्या संगं आऱ्यावर होता. त्यालेही दम लागते म्हणे. घरचे त्याले कोण्या देवऋषीकडं नेऊन राहिले.” ते थांबले. श्वास भरून घेतला. “तो ऐकनार नाही, लय अडेल हाये. तरी तू जा. त्याले इथं आन. मले वचन दे.”

“देलं,” मी म्हटलं.

त्यांनी डोळे मिटले. सासूबाई उशाशी येऊन बसल्या आणि त्यांनी लेकाचा हात आपल्या हातात घेतला.  मग माझ्या बोटांची सुटू लागलेली पट्टी पुन्हा घट्ट बांधून दिली. डोक्यावर पदर घेऊन मी वॉर्डातून बाहेर पडले. स्टँडवर भंडाऱ्याची गाडी लागली होती. तिथून मोहाडीची मिळते. मी चढले आणि खिडकीशी बसले.